फूल पडलेली बाजू

फळी दुकानाच्या जुन्या पाटीची.
मागून अजून वाचता येतं : कृषी केंद्र, बियाणे व
पुढचं मीच रंगवलं होतं, मीच खरवडलं.
तीन फूट बाय चार.
तीवर एकच डोळा.

अख्खी घोडी काढणार होतो आधी.
पाय ट्रॉलीच्या फाळक्यावरल्या सिंहासारखे आले,
मान कोंबड्यासारखी.
मग सरकत सरकत जवळ गेलो,
इतका, की फळीत डोळ्याशिवाय काही मावेना.

घोड्याचं बुबुळ आडवं असतं.
तीस वर्षं वरातींच्या पाट्या रंगवल्या,
हे ठाऊक नव्हतं.
आडवं, वखराच्या पाशीसारखं,
आणि वरच्या काठाला लोंबते
काजळाच्या गोळ्यांची ओळ,
जणू कुणी बोट पुसायचं विसरलं.

माती धुऱ्यावरची, काळी,
धोतराच्या फडक्यातून गाळून
बाभळीच्या डिंकात कालवलेली.
सुकताना तडकली. तडकू दिली.
पापणीचं कातडं असंच असतं.
काळोखासाठी डांबर,
दिग्रस रोडच्या कामावरून डालड्याच्या डब्यात.
पापण्या नवरंगीच्याच शेपटीच्या :
खराऱ्यात अडकलेले केस
यासीनभाईनं पेपरात बांधून दिले होते,
हळदीकुंकवाच्या पुडीसारखे.
आणि बुबुळात, ठिणगीच्या जागी,
झमकूबाईच्या विरलेल्या कांचळीचा आरसा,
नखाएवढा.
पैसे घेतले नाहीत तिनं.
नातवाच्या सायकलवर नाव टाकून दे म्हणाली.

शेवटी फूल.
डाव्या डोळ्यात फूल पडलंय नवरंगीच्या.
कुणी सांगतं फटाका, कुणी बाभळीचा काटा.
यासीनभाई सांगत नाही.
मी फरदडीचा कापूस घेतला,
पिवळट, किडका, व्यापारी ज्याला हात लावत नाही तो,
सरकी काढली, बोटानं पिंजला,
आणि बुबुळाच्या अर्ध्यावर
फुंकरीनं बसवला.

रविवारी यासीनभाई बघायला आला.
दारातच थांबला.
खाकरला.
जिभेनं टक् टक् केलं, दोनदा,
मग पाऊल टाकलं आत.
मी हसलो.
तो नाही हसला.
“थ्या बाजूनं जाताना आधी आवाज द्या लागते.
न्हाई त बिचकते ते.”

फळीसमोर उभा राहिला.
आरशात त्याच्या दाढीचा एक पांढरा केस,
मग खिडकी, मग पुन्हा केस.
बराच वेळ.
“मी दिसून राह्यलो इच्यात,” म्हणाला.
मी म्हटलं, हो, तेच तर.
“पन तिले मी दिसत न्हाई ना बाप्पा
ह्या डोयातून.
चार वर्सं झाली.”

मी पेचकस शोधला.
आरसा निघता निघेना, डिंक पक्का झालेला,
निघाला तेव्हा डांबराचा टवका घेऊन निघाला.
मागं राहिला एक खड्डा, मंद,
खड्ड्यात काहीच नाही.
कापसाचे दोन तंतू हलले
आणि त्यावर वाकले.

यासीनभाई फळीच्या उजवीकडे सरकला,
जिथं घोडी नाही, नुसती चुन्याची भिंत.
तिथं, छातीच्या उंचीवर, त्यानं हात ठेवला
आणि खाली ओढला,
मान जशी खालवर चोळतात तसा.
तळव्याला चुना लागला.
पुन्हा टक् टक् केलं.

बाहेर विजेच्या खांबाला बांधलेल्या खऱ्या नवरंगीनं
नाक फुरफुरवलं.
आम्ही दोघंही दाराकडे पाहिलं.
तिचा एक कान आमच्याकडे होता,
दुसरा रस्त्यावरच्या बसकडे.

आरसा मी सायकलच्या मडगार्डवर चिकटवला,
नावाच्या खाली.
पोरगा गल्लीतून जातो तेव्हा
उन्हाचा एक तुकडा भिंतींवरून पळतो,
कधी आत येतो, फळीवर चढतो,
फुलापाशी जाऊन
क्षणभर थांबतो.
आवाज न देता.